दुधीची भाजी, मटारची टरफलं

मी एकदा एका घरी चिरलेल्या दुधीबरोबर मटारची टरफलं पाठवली.

ह्यात चूक कुठली, असं तुम्ही विचाराल. टरफलं पाठवणं ही चूक नव्हती. त्या घरी मी रोजच सालं पाठवत होते. दुधीबरोबर दुधीची, गाजराबरोबर गाजराची, कोबीबरोबर वरची जाड पानं, अगदी भाजीच्या मापात. चूक अशी की त्या दिवशी बोलायच्या नादात मी पिशव्या बदलल्या, आणि एका सासूबाईंना आपल्या केराच्या डब्यात चमत्कार दिसला. भाजी दुधीची आणि कचरा मटारचा.

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला 'एका गृहउद्योगाची यशोगाथा' लिहायला सांगितलं आहे. त्यांना आधीच सांगते, यशोगाथा पुढच्या-मागच्या पानावर शोधा. माझ्याकडे सालांची गोष्ट आहे.

दिल्लीच्या द्वारकेत आमच्या सोसायटीत मी बरीच वर्षं चिरलेली भाजी पुरवायचा धंदा केला. 'व्यवसाय' म्हणावं असं आमच्या ह्यांचं मत. पण ज्यात रोज सकाळी मंडीतून आलेल्या माणसाशी फ्लॉवरमधल्या अळीवरून भांडायचं असतं, त्याला धंदाच म्हणतात. त्याची सुरुवातही काही थोर नाही. हे सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि घरी बसून माझ्या स्वयंपाकघराचा कारभार बघू लागले. डाळींच्या डब्यांवर चिठ्ठ्या लागल्या. जिरं-मोहरी कुणाच्या परवानगीनं शेजारी ठेवली, अशी चौकशी झाली. मला ह्यांना दिवसातून एकदा तरी घराबाहेर धाडायला सबब हवी होती. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या भल्ला आंटींची सून म्हणाली, "आंटीजी, मेथी साफ करके दे दोगे? ऑफिस से आके मेथी देखते ही रोना आता है." मी मेथी निवडली, पिशवीत भरली आणि ह्यांच्या हातात दिली. हे गेले ते तासाभरानं चहा-मठरी खाऊन परतले. मला धंदा सापडला तो असा.

खरं तर मी हा धंदा करावा हा माझ्यावरच काढलेला सूड आहे. लग्न होऊन दिल्लीला आले तेव्हा आम्ही करोल बागेजवळ सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. तिथे ठेलेवाला सोललेले मटार विकायचा, फणस कापून द्यायचा, सरसोंचा साग समोर बारीक चिरून द्यायचा. मला कोण धक्का! मी आईला पत्रात लिहिलं, "इथल्या बायका इतक्या आळशी आहेत की मटारसुद्धा सोललेले घेतात." आणि मी मात्र सोसायचे. शेंगा आणायच्या, मांडीवर परात घ्यायची, सगळ्या कॉलनीला दिसेल असं दारात बसून सोलायच्या. समोरची पंजाबी शेजारीण सोललेले मटार घ्यायची, पुलाव करायची आणि लिपस्टिक लावून दुपारच्या सिनेमाला जायची. जाताना मला म्हणायची, "बैठी रह, बड़ी गुणी है तू." मी ते कौतुक समजून आणखी ताठ बसायचे. अशी गाढव मी.

असो. धंद्याचं सांगते. चिरणं सोपं असतं, चिरलेलं राखणं अवघड. भाजीला सुरी लागली की तिचं पाणी सुटायला लागतं आणि वारा लागून ती काळवंडते. भेंडी आधी धुवायची, फडक्यानं पुसून खडखडीत कोरडी करायची आणि मगच चिरायची. उलटं केलंत तर भाजी होत नाही, खळ होते. वांगं-बटाटा पाण्यात ठेवावा लागतो, पण फार वेळ ठेवलात तर चव त्या पाण्यातच राहते आणि तुम्ही ती मोरीत ओतता. मेथी मी नुसती निवडून द्यायची, चिरून कधी नाही. आणि कांदा तर अजिबात नाही. भल्ला आंटी म्हणायच्या, "प्याज भी काट दिया करो ना." मी म्हणायचे, "आंटी, कटा हुआ प्याज शाम तक पूरे फ्रिज का मालिक बन जाता है."

गिऱ्हाइकंही काय एकेक. एक एकटा राहणारा मुलगा ऐन जूनमध्ये गाजर-मटार-फ्लॉवर घेऊन गेला आणि चार दिवसांनी डबा घेऊन दारात उभा. "आंटी, सब्ज़ी में से आवाज़ आ रही है." झाकण काढलं तर भाजी खरंच फुस्स म्हणाली. फ्रिजमध्ये का ठेवली नाही, विचारलं, तर म्हणे त्याच्या फ्रिजमध्ये जागा नव्हती. काय होतं त्यात, ते मी विचारलं नाही. दिल्लीत थंडीत चिरलेली भाजी पाहुण्यासारखी राहते, उन्हाळ्यात ती जावयासारखी वागते, एवढं त्याला समजावून सांगितलं.

आता तर मोबाइलवरून दहा मिनिटांत चिरलेला कोबी दारात येतो. पाकिटावर 'ताजा' असं छापलेलं असतं. माझ्या आईनं भाजीवर कधी काही छापलं नव्हतं, तरी आम्हाला कळायचं. पण उगाच नाकं मुरडू नका. अख्खा कोबी आठवडाभर फ्रिजमध्ये कुजवायचा आणि मग तो स्वतःच्या पवित्र हातानं चिरून 'आम्ही बाई ताजंच खातो' म्हणायचं, हेही मी पुष्कळ घरांत पाहिलं आहे.

आता मानसी. आमच्याच सोसायटीत समोरच्या बिल्डिंगमध्ये राहायची. केंद्र सरकारच्या ऑफिसात नोकरी, नवरा निखिल गुडगावला, रात्री उशिरा येणारा. दोन वर्षं माझी गिऱ्हाईक. एका थंडीच्या सुरुवातीला घरी आली, दार लावून घेतलं आणि म्हणाली, "काकू, एक विचित्र काम आहे. हसायचं नाही."

"बोल."

"मला भाजीबरोबर सालंपण हवीत."

मी हसले. शब्द दिला नव्हता.

झालं होतं असं. तिचे सासरे वारले आणि सासूबाई, कुसुमताई, कराडहून दिल्लीला राहायला आल्या. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. निखिलनं फर्मान काढलं, आईनं जन्मभर कष्ट केले, आता तिनं कशाला हात लावायचा नाही. कणीक मळायला गेल्या की "आई, तुम्ही बसा." कपडे घडी घालायला गेल्या की "आई, राहू द्या हो." शेवटी बाईंच्या वाट्याला घरातलं एकच काम उरलं, सकाळी केराचा डबा दाराबाहेर ठेवायचा. आणि गणिताच्या बाई त्या! चौथ्याच दिवशी त्यांनी विचारलं, "मानसी, रोज भाजी करतेस आणि केरात साल एकही नाही? सालासकट करतेस का?"

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, सालं मी ऑफिसला जाताना खाली टाकते. काकू, मला काय सुचलं कुणास ठाऊक! आता रोज डब्यात सालं दिसायला हवीत."

"अगं, सरळ सांग ना की बाहेरून घेते. आणि त्या मोकळ्याच आहेत तर चिरू दे की त्यांना."

तेव्हा खरी गोष्ट निघाली. मानसी खात्याच्या परीक्षेला बसत होती. पास झाली तर बढती. मागच्या खेपेला नापास झाली होती, आणि ही शेवटची संधी. पुढच्या खेपेला ती वयात बसत नव्हती. ऑफिसातून आल्यावर सासूबाई टीव्हीसमोर बसल्या की ती स्वयंपाकघराचं दार ओढून घ्यायची, चिरलेली भाजी फोडणीला टाकायची आणि ओट्यावर पुस्तक उघडायची. भाजी चिरण्यातला वाचलेला वेळ तेवढाच तिचा अभ्यास.

"आई मदतीला आल्या की पुस्तक दिसणार. मग सगळं सांगावं लागणार. काकू, त्या गणिताच्या बाई आहेत. त्यांना 'नापास' हा शब्द कसा सांगू? तुम्ही पण कुणाला बोलायचं नाही. शप्पथ?"

"शप्पथ," मी म्हटलं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे तिला माहीत नव्हतं.

सालांचा पुरवठा सुरू झाला. मानसी मेट्रोतून उतरून यायच्या वेळी हे मफलर गुंडाळून पार्किंगमध्ये खांबाआड उभे राहायचे आणि पिशवी सोपवायचे. एका हातात भाजी, एका हातात सालं. जन्मभर फायली इकडच्या तिकडे नेल्या, पण एवढं गुप्त काम सरकारनं ह्यांना कधी दिलं नव्हतं. कानटोपी काय, इकडेतिकडे बघणं काय. मी म्हटलं, "अहो, दुधीची सालं आहेत, नकाशे नाहीत." तर म्हणतात, "तुला नाही कळायचं."

आणि मग ती पिशव्यांची अदलाबदल.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात एक उंच, किरकोळ बाई. नऊवारी नाही, काठापदराची नाही, साधी सुती साडी, वर स्वेटर, पायात मोजे आणि हातात पिशवी.

"सब्जीवाल्या आंटी म्हणतात त्या आपणच का? गार्डनं हाच फ्लॅट सांगितला."

"हो. आपण?"

"मी मानसीची सासू." त्या आत आल्या आणि माझ्या टेबलावर पिशवी उपडी केली. मटारची टरफलं. "दुधीला शेंगा धरलेल्या मी जन्मात पाहिल्या नाहीत. म्हटलं, बघावं तरी कुठल्या बागेतला माल आहे."

माझ्याबरोबर चिरायला रामवती यायची. तिला मराठीचं अक्षर कळत नाही, पण टरफलं कळतात. ती पदर तोंडाला लावून म्हणाली, "पकड़ी गईं, आंटी!"

मी एक प्रयत्न करून पाहिला. "मानसी मटार सोलून फ्रीजरमध्ये ठेवत असेल हो."

"फ्रीजरमध्ये बर्फ आहे. फक्त बर्फ. मी पाहिलंय." मग टरफलं बाजूला सारत, "आणि पार्किंगमध्ये खांबाआड मफलर गुंडाळून रोज माझ्या सुनेची वाट बघत उभे असतात, ते आपले यजमान का?"

"हो."

"बरं झालं विचारलं. मी गॅलरीतून पाहून भलतंच समजत होते."

आतल्या खोलीत वर्तमानपत्र जोरात सळसळलं.

मी म्हटलं, "बसा तरी."

"बसायला नाही आले. निखिलला सांगितलंय, सोमवारचं तिकीट काढ म्हणून."

"अहो, एवढ्याशा दुधीवरून?"

"दुधीवरून नाही." आता आवाज बदलला. "घरात माझे दोन हात रिकामे बसलेत. सकाळपासून रात्रीपर्यंत बसा आई, बसा आई. कराडच्या घरात आता कुणी नाही, म्हणून मी इथे आले. आणि इथे माझी सून बाहेरून हात मागवते! वर मला कळू नये म्हणून सालंही मागवते. म्हणजे माझ्या हातचं तिला नको आहे, असंच ना? मग मी रिकाम्या घरात बसेन. तिथे निदान स्वतःचा बटाटा स्वतः सोलेन."

त्या वळल्या. आता मी गप्प बसले असते तर शपथ राहिली असती आणि बाई गेल्या असत्या. मी फार विचार केला असं सांगितलं तर ते खोटं होईल. मी दारापर्यंत त्यांच्या मागे गेले आणि सगळं ओकले. परीक्षा, शेवटची संधी, ओढून घेतलेलं दार, ओट्यावरचं पुस्तक, मागच्या वेळचं नापास होणं.

कुसुमताई दारातून मागे फिरल्या.

"कशात गेली?"

"काय?"

"मागच्या वेळी. कुठल्या पेपरात गेली?"

"हिशेबाच्या."

"हिशेबाच्या!" त्या मट्कन खुर्चीत बसल्या. "घरात मी असताना? हिशेबाच्या?" मग रामवतीनं पुढे केलेलं पाणी प्यायल्या. "मी शिकवलं असतं की. महिनाभरात घासून-पुसून लख्ख करून दिलं असतं."

"मग शिकवा ना."

"नको. सासूनं शिकवलेलं सून ऐकत नाही. पास झाली तरी तोंड वाकडं आणि नापास झाली तर माझ्यामुळे. तिचा वेळ तिला असू दे." त्यांनी टेबलावरची मेथीची जुडी ओढली आणि देठ खुडायला लागल्या. बोलता बोलता अर्धी जुडी संपली. मग म्हणाल्या, "आमच्या घरची भाजी उद्यापासून मी चिरणार. इथे बसून. तुम्ही ती नेहमीसारखी पाठवायची. मानसीला अवाक्षर कळता कामा नये."

"आणि सालं?"

"सालंही पाठवायची. तिनं एवढं जमवलंय, तर मोडायचं कशाला?"

मी आयुष्यात पुष्कळ खोटं बोलले आहे, पण एवढं शिस्तीचं खोटं पाहिलं नव्हतं. सून सासूला भासवणार की भाजी मी चिरली. सासू सुनेला भासवणार की मला ते पटलं. आणि भाजी चिरणार सासूच.

दिल्लीत थंडीच्या दुपारी बायका खाली लॉनवर ऊन खात बसतात. मटार सोलतात, विणतात, लोकांच्या सुनांवर बोलतात. "मी उन्हात बसायला जाते," असं कुसुमताईंनी घरी सांगून टाकलं. कुणाला नवल वाटलं नाही. त्या यायच्या माझ्या गॅलरीत. तिथे ऊनही होतंच, त्यामुळे खोटं अर्धंच. माझी माळ्यावर टाकलेली विळी त्यांनी खाली काढायला लावली. रामवती लांब सरकून म्हणाली, "हाय राम, ये क्या हथियार है?" पण आठवड्यात तीही तिच्यावर कोबी कापायला शिकली. कुसुमताई गाजराचे तुकडे असे करायच्या की एकाशेजारी एक ठेवले तर कवायतीला उभे राहतील. माझे तुकडे पाहून म्हणायच्या, "ह्यात साम्य शोधायला सांगितलं तर मुलं नापास होतील हो."

आमची रोज भांडणं व्हायची. त्यांचं म्हणणं, भाजी चिरली की लगेच कढईत जायला हवी, नाहीतर तिच्यातला जीव जातो. माझं म्हणणं, नीट कोरडी ठेवली, गार ठेवली तर संध्याकाळपर्यंत काही बिघडत नाही. शेवटी एकदा पैज लावली. एकच दुधी, अर्धा सकाळी चिरून ठेवलेला, अर्धा आयत्या वेळी चिरलेला. दोन वाट्या ह्यांच्यापुढे. ह्यांनी दोन्ही वाट्या चाटून पुसून संपवल्या आणि म्हणाले, "दोन्हीत मीठ कमी आहे." पैज फिसकटली. पण खरं सांगायचं तर सकाळी चिरलेला दुधी जरा लेचापेचा शिजला होता. मला ते पहिल्या घासाला कळलं होतं. कुसुमताईंना आज पहिल्यांदाच सांगते आहे, ते ह्या अंकातून.

मानसीचं मात्र फोनवर कौतुक सुरू झालं. "काकू, हल्ली भाजी काय सुंदर असते हो. आईंनी आज दोनदा वाढून घेतलं." मला आनंदही व्हायचा आणि पोटातही दुखायचं. इतकी वर्षं मी चिरत होते तेव्हा कुणी दोनदा वाढून घेतलं नव्हतं. आणि कुसुमताई दुसऱ्या दिवशी मुद्दाम विचारायच्या, "काही म्हणाली का?" मी म्हणायचे, "कुठे काय, रोजचंच." तेवढा खडूसपणा माझ्यात आहे.

सोमवारचं तिकीट काढलं होतं ते त्यांनी निखिलला रद्द करायला लावलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, इथलं ऊन मानवतंय.

परीक्षा झाली. निकालाच्या दिवसापर्यंत गॅलरीतलं ऊन असह्य झालं होतं, तरी कुसुमताई 'उन्हात बसायला' यायच्याच, आणि आम्ही पंख्याखाली बसायचो. त्या दिवशी त्यांनी भोपळा चिरायला घेतला आणि चार वेळा बिया मोजल्या. शेवटी "मी जाते घरी," म्हणून उठल्या. तासाभरानं समोरच्या बिल्डिंगमधून कुणीतरी मोठ्यांदा हसल्याचा आवाज आला. तो कुसुमताईंचा होता. मानसी पास झाली होती, आणि हिशेबाच्या पेपरातही.

संध्याकाळी ती बर्फीचा डबा घेऊन माझ्याकडे आली. मी बर्फी तोंडात टाकली आणि म्हटलं, आता काय लपवायचं. "मानसी, तुला एक सांगायचंय. रागावू नकोस. मी तुझी शपथ मोडली. आणि थंडीपासून तुमची भाजी मी चिरत नाहीये."

"आई चिरतायत," ती म्हणाली.

मी बर्फी गिळायची विसरले. "तुला माहीत होतं?"

"दुसऱ्याच दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस, बाई?"

"कशाला बोलू? आईंनी तिकीट रद्द केलं होतं. रोज दुपारच्या वर येतात त्या गुणगुणत येतात, असं शेजारणीनं सांगितलं. मी बोलले असते तर निखिलनं परत म्हटलं असतं, आई, तू बस."

"अगं, पण तुला सांगितलं कुणी? रामवतीनं? की ह्यांनी?"

मानसीनं डब्याचं झाकण लावलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "कुणी नाही. काकू, तुमच्या फरसबीच्या शिरा आम्ही दोन वर्षं दातातून काढल्या. त्या रात्री पहिल्यांदाच एकही निघाली नाही."